कोकण किनाऱ्यावर पक्ष्यांसाठी कॅमेरा: नवी बॉडी की वापरलेली?

गणपती झाले की दरवर्षी हा प्रश्न येतो. कुरव (हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारे समुद्रपक्षी) यायच्या आधी कॅमेरा घ्यायचाय, नवा परवडत नाही, ओळखीतला एकजण वापरलेला देतोय, शटर काउंटही (आजवर किती क्लिक झाले तो आकडा) कमी आहे, मग घेऊ का? पुण्याकडे याचं उत्तर सोपं असतं, कारण तिथे वापरलेल्या बॉडीचं (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं) वय शटर काउंटवरून बऱ्यापैकी कळतं. किनाऱ्यावर ते तसं कळत नाही. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल कॅमेऱ्याला न वापरताही म्हातारं करतात. म्हणून बॉडी किती चालली याआधी ती कुठे राहिली हे विचारायला हवं. घाटावरच्या लग्नाच्या फोटोग्राफरने लाखभर क्लिक केलेली बॉडी मी आधी बघायला जाईन. मालवणात तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेली, जेमतेम पंधरा हजार क्लिकची ‘जवळजवळ नवी’ बॉडी त्यानंतर.

पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे. ज्या क्रमाने निर्णय घ्यावा असं मला वाटतं, त्याच क्रमाने लिहितो.

आधी पक्षी ठरवा

‘बर्ड फोटोग्राफीसाठी कॅमेरा’ म्हटलं तरी कोकणात त्यात निदान चार वेगळी कामं येतात, आणि प्रत्येक काम बॉडीकडून वेगळं काही मागतं.

हिवाळ्यात हर्णैसारख्या बंदरांवर, खाडीच्या मुखाशी कुरव, सुरय आणि ब्राह्मणी घारी उडताना टिपायच्या असतील, तर प्रकाश भरपूर मिळतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून, डोंगराच्या बाजूने येतं आणि समुद्रावरच्या पक्ष्याच्या थेट अंगावर पडतं. अशा उजेडात १/२५०० चा शटर स्पीड आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० ते ८०० सहज जमतं, त्यामुळे जुन्या सेन्सरचा नॉइज (फोटोतले दाणे) फारसा आड येत नाही. इथे लागतो तो वेगवान ऑटोफोकस आणि सेकंदाला आठ-दहा फ्रेम. हे दोन्ही दहा वर्षांपूर्वीच्या चांगल्या डीएसएलआरमध्येही (आत आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यातही) मिळतं.

तिबोटी खंड्याचं गणित याच्या अगदी उलट आहे. तो पहिल्या पावसाबरोबर येतो, ओढ्याकाठच्या दाट सावलीत बसतो, आणि आकाश भरून आलेलं असतं. तिथे १/२०० लाही आयएसओ ३२०० ते ६४०० वर जावं लागतं. पण तो फांदीवर बराच वेळ स्थिर असतो, म्हणून दहा फ्रेमचा वेग वाया जातो. हवा तो मोठा किंवा नवा सेन्सर, आवाज न करणारा शटर आणि पावसाला तोंड देणारी बॉडी. घरट्याजवळ फ्लॅश वापरायचा नाही आणि मातीच्या बिळासमोर ठाण मांडून बसायचं नाही. त्यामुळे कमी उजेडात काम करणारी बॉडी इथे चैनीची वस्तू राहत नाही, पक्ष्याला त्रास न देण्याची ती अटच होते.

चिखल्या, तुतवार यांसारख्या किनारी पक्ष्यांसाठी पुळणीवर आडवं झोपून, त्यांच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढावे लागतात. इथे वर-खाली फिरणारी स्क्रीन मोठी कामाची. निकॉन डी५०० ला ती आहे, कॅनन ७डी मार्क टू ला नाही. कागदावर हे दोन कॅमेरे एकमेकांच्या बरोबरीचे दिसतात, पण ओल्या वाळूत मान वाकडी करून अर्धा तास पडून राहिलात की फरक कळतो.

चौथा समुद्री गरुड, आपल्याकडचा काकण. तो बहुधा लांबच असतो आणि घरट्याच्या जवळ जायचंच नसतं. इथे बॉडीपेक्षा लेन्सची लांबी आणि सकाळची वेळ जास्त देते. ऊन तापून हवा थरथरायला लागली की कितीही महागडी बॉडी लावा, पिसांची कड मऊच येणार.

या चारांपैकी तुमचं मुख्य काम कोणतं ते एका वाक्यात लिहून काढा. ते लिहिल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

पैसे आधी लेन्सला

वापरलेली बॉडी घेण्याचं खरं कारण बॉडीत नसतं, ते लेन्समध्ये असतं. पक्ष्यांना निदान ४०० मिलिमीटर लागतात, ५०० ते ६०० असतील तर बरं. नव्या बॉडीवर बहुतेक पैसे घालवून किटमधली छोटी लेन्स घेऊन आलेले लोक किनाऱ्यावर नेहमी दिसतात. फोटोत समुद्र येतो, आकाश येतं, पक्षी ठिपका असतो. एकूण पैशांच्या निम्म्याहून अधिक लेन्सला आणि उरलेले बॉडीला, असं मी धरतो.

डीएसएलआरसाठी निकॉनची २००-५००, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, कॅननची १००-४०० मार्क टू या लेन्स वापरलेल्या बाजारात नियमित मिळतात. यातली कोणतीही लेन्स क्रॉप (लहान) सेन्सरच्या बॉडीवर लावली की चौकट आणखी आवळते. निकॉनवर ५०० मिलिमीटरचा दृश्यकोन ७५० सारखा होतो. पुढे मिररलेसकडे (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) गेलात तरी कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स अडॅप्टरने चालतात, त्यामुळे जुन्या माउंटच्या लेन्सवर घातलेले पैसे बुडत नाहीत. सिग्मा-टॅमरॉनच्या बाबतीत मात्र तुमची नेमकी लेन्स त्या अडॅप्टरवर नीट फोकस करते का, हे प्रत्यक्ष लावून बघा.

वापरलेल्यात काय बघण्यासारखं आहे

माझ्या मते कोकणातल्या उडत्या पक्ष्यांसाठी आजही सर्वांत समंजस खरेदी म्हणजे चांगल्या अवस्थेतला निकॉन डी५००. तो २०१६ साली आला. २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस पॉइंट, जवळजवळ चौकटभर पसरलेले. एका बॅटरीवर तो बाराशेहून जास्त फ्रेम काढतो, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसलेल्या गावात ही गोष्ट साधी नाही. २०१४ चा कॅनन ७डी मार्क टू त्याच जातीचा, १० फ्रेमचा, धातूच्या अंगाचा आणि बहुधा स्वस्त, पण आयएसओ १६०० च्या पुढे त्याचा नॉइज लवकर दिसतो. तिबोटी खंड्या हे मुख्य काम असेल तर तो घेऊ नका. निकॉन डी८५० फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आहे आणि ४५.७ मेगापिक्सेल देतो. क्रॉप मोडमध्ये टाकला तरी हाताशी १९ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे सावलीतला खंड्या आणि लांबचा गरुड दोन्ही एकाच बॉडीत बसतात. वजन मात्र मान्य करावं लागतं.

डी५०० घेताना एक लक्षात ठेवा. त्याचा एक कार्ड स्लॉट एक्सक्यूडी प्रकारचा आहे. फर्मवेअर अपडेट केल्यावर त्यात सीएफएक्स्प्रेस टाइप बी कार्ड चालतं, पण ते तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. विकणारा कार्ड आणि रीडर देत असेल तर ते व्यवहारात मागून घ्या.

नवी बॉडी कधी घ्यावी

नव्या मिररलेस बॉडीत एक गोष्ट अशी आहे जी जुन्या डीएसएलआरला पैसे ओतूनही येत नाही. पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर धरून राहणारा फोकस. कांदळवनात फांद्यांच्या जाळीमागे खंड्या बसलेला असतो, तेव्हा डीएसएलआर पुढच्या फांदीवर जाऊन बसतो. कॅनन आर७ किंवा निकॉन झेड८ सारखी बॉडी डोळा शोधते. नेहमीच यशस्वी होते असं नाही, पण हुकलेल्या फोटोंचं प्रमाण इतकं बदलतं की नवशिक्याला ते मोठं बळ देतं. त्यातच शटरचा आवाज बंद करता येतो, आणि बटण दाबण्याआधीच्या काही फ्रेम साठवून ठेवण्याची सोयही काही बॉडींत असते. खंड्याने पाण्यात मारलेला सूर टिपायला ती खरोखर उपयोगी आहे.

आर७ चा इलेक्ट्रॉनिक शटर सेकंदाला ३० फ्रेम देतो हे ऐकून हुरळून जाऊ नका. त्याचा सेन्सर हळू वाचला जातो, त्यामुळे वेगाने पंख मारणाऱ्या सुरयाचे पंख फोटोत वाकडे येऊ शकतात. उडत्या पक्ष्यांसाठी त्याचा १५ फ्रेमचा यांत्रिक शटरच वापरा. झेड८ मध्ये यांत्रिक शटरच नाही. त्याचा सेन्सर फार वेगाने वाचला जातो म्हणून तो प्रश्न तिथे जवळजवळ उरत नाही, पण किंमतही तशीच मोठी आहे.

स्वस्तातली नवी बॉडी घेताना सीलिंग बघा. कॅनन आर१० चा फोकस सुंदर आहे, पण त्या बॉडीला पाणी-धुळीपासून संरक्षण देणारं सीलिंग नाही. किनाऱ्यावर आणि पावसात जायचं असेल तर नव्या आर१० पेक्षा सुस्थितीतला वापरलेला डी५०० मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि सीलिंग म्हणजे बॉडी अधिक लेन्स. निकॉनची २००-५०० किंवा सिग्माची कंटेम्पररी १५०-६०० पूर्ण सीलबंद नाहीत, म्हणून बॉडी कितीही पक्की असली तरी रेनकव्हर हवंच.

थोडक्यात माझा कौल असा. कांदळवन, जंगलाची सावली आणि पावसाळा हे तुमचं मुख्य काम असेल, लेन्स आधीच हाताशी असेल आणि पैसे पुरत असतील तर नवी मिररलेस. मोकळा किनारा, बंदर आणि हिवाळा असेल, किंवा लेन्सच अजून घ्यायची असेल, तर वापरलेला डीएसएलआर.

वॉरंटी काय झाकते

नवी बॉडी घ्यायला लोकांना सर्वांत जास्त ओढणारी गोष्ट म्हणजे वॉरंटी. ती मोलाची आहेच. सुरुवातीला निघणारे इलेक्ट्रॉनिक दोष तीत निस्तरले जातात. पण पाणी शिरणं, गंज, बुरशी हे सहसा वॉरंटीच्या बाहेर असतं, आणि किनाऱ्यावर कॅमेरे मुख्यतः त्यानेच जातात. म्हणजे कोकणातल्या माणसासाठी वॉरंटीचं मोल घाटावरच्या माणसापेक्षा कमी आहे. सर्व्हिस सेंटरसाठी बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं, तो वेळ आणि कुरिअरचा खर्चही धरा. विमा काढणार असाल तर पाण्याने झालेलं नुकसान त्यात येतं का, ही एकच ओळ आधी शोधून वाचा.

ग्रे मार्केटची (अधिकृत विक्रेत्याबाहेरून आलेली) ‘नवी’ बॉडी मी सुचवत नाही. भारतातली वॉरंटी नाही, जीएसटीचं बिल नाही, म्हणजे नव्याची किंमत मोजून वापरलेल्याची जोखीम. त्यापेक्षा एखाद्या प्रस्थापित दुकानाने तपासून, थोड्या महिन्यांच्या हमीसह विकलेली वापरलेली बॉडी कितीतरी बरी.

वापरलेली बॉडी तपासणं

हा भाग घाईत उरकू नका. दिवसाउजेडी भेटा, स्वतःची लेन्स, कार्ड, चार्ज केलेली बॅटरी, छोटा टॉर्च आणि भिंग घेऊन जा.

कॅमेरा हातात घेण्याआधी गप्पा मारा. “दादा, हा समुद्रावर नेत होतात का? पावसाळ्यात कशात ठेवायचात?” ड्राय कॅबिनेट किंवा सिलिका जेलच्या डब्याचं नाव चटकन निघालं तर मन निम्मं निर्धास्त होतं. “बॅगेतच असतो, एकदम जपून ठेवलाय” हे उत्तर कोकणात धोक्याचं. बंद, मऊ अस्तराच्या बॅगेत ओल धरून राहते आणि बुरशीला तेच हवं असतं. साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशी वाढायला लागते, आणि आपल्या पावसाळ्यात हवा दिवसच्या दिवस त्याच्या खूप वर असते.

मग भिंग लावून धातूचे भाग बघा. फ्लॅशची खाच, ट्रायपॉडचं भोक, पट्टा अडकवायच्या कड्या, तळाच्या स्क्रूंची डोकी, बॅटरीच्या कप्प्यातले संपर्क, लेन्स माउंटवरचे सोनेरी ठिपके, यूएसबीच्या रबरी झाकणाखालची जागा. हिरवट डाग, पांढरी पावडर किंवा तांबूस गंज यांपैकी काहीही दिसलं तर खार आत गेला आहे असं धरा. बाहेर एवढं असेल तर आतल्या सर्किटवर काय असेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायला कुणी देत नाही. अशी बॉडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. सगळे स्क्रू एका बाजूने चकचकीत आणि खाचा ओरबाडलेल्या असतील तर ती आधी उघडलेली आहे. कुठे उघडली आणि का, ते विचारा.

व्ह्यूफाइंडरमधून पांढऱ्या भिंतीकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. साधे काळे कण दिसले तर धूळ, तिचं फार मनावर घेऊ नका. नंतर लेन्सचं छिद्र एफ १६ वर नेऊन, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात फिरा. गोल ठिपके ही सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. धाग्यांसारखी नक्षी किंवा न हलणारे चट्टे असतील तर उठा.

पुढे शटर. पांढऱ्या भिंतीवर १/१०००, १/४००० आणि १/८००० ला फोटो काढा. चौकटीची एक बाजू काळवंडलेली येत असेल तर पडदे थकलेत. मग दहा-पंधरा सेकंद सलग बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून धरून फोटो काढत राहा. वेग मध्येच अडखळतो का, एरर येतो का, ऐका. लेन्सवर टोपी घालून अर्ध्या मिनिटाचं एक्सपोजर घेतलं की सेन्सरचे जळके पिक्सेल दिसतात. दोन-चार असणं चालतं.

शटर काउंट आता बघा, आधी नाही. निकॉनच्या मूळ, न संपादलेल्या फोटोच्या माहितीत तो आकडा असतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फोटोत नसतो, यूएसबीने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. डी५०० आणि ७डी मार्क टू दोन्हींचा शटर दोन लाखांपर्यंत तपासलेला आहे. मोठा आकडा वाटतो, पण सेकंदाला १० फ्रेमने हिशेब केला तर तो साडेपाच तासांचा सलग बर्स्ट होतो. पक्षी टिपणाऱ्याच्या बॉडीवर लाखभर क्लिक असणं म्हणूनच अगदी सामान्य आहे. दोन लाख ही मर्यादा नाही, कंपनीच्या चाचणीचा आकडा आहे. काही शटर त्याआधी जातात, काही पुढे खूप चालतात. दीड लाखाच्या पुढे असेल तर नवा शटर बसवण्याचा खर्च सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा आणि किमतीतून तेवढे उतरवून मागा. मात्र झेड८ सारख्या, यांत्रिक शटर नसलेल्या बॉडीत या आकड्यावरून झिजेचा अंदाज येत नाही.

शेवटी फोकस. टेबलावर वर्तमानपत्र तिरपं ठेवा, लांब लेन्सने मधल्या ओळीवर फोकस करा आणि बघा नेमकी कोणती ओळ रेखीव येते. डीएसएलआरमध्ये पुढे-मागे जात असेल तर बॉडीतल्या फाइन-ट्यूनने थोडं सुधारता येतं. मिररलेस सेन्सरवरूनच फोकस करते, तिला ही कटकट क्वचित. मग बाहेर या. कावळे आणि घारी कोकणात कुठेही मिळतात. डोक्यावरून जाणाऱ्या घारीचा पाठलाग करत बर्स्ट मारा आणि पाठोपाठच्या फ्रेम एकेक करून तपासा. पहिल्या तीन नेमक्या आणि मग वाहवत गेल्या असं वारंवार होत असेल तर ते तुमच्या हातामुळे आहे की बॉडीमुळे, हे विकणाऱ्याच्याच हातात कॅमेरा देऊन ठरवा.

सगळी बटणं, चाकं, जॉयस्टिक, दोन्ही कार्ड स्लॉट वापरून बघा. खारट हातांनी वापरलेल्या कॅमेऱ्यात सर्वांत आधी अडकतात ती मागची चाकं. एक गोष्ट मात्र तपासताच येत नाही, ती म्हणजे सीलिंगचं रबर. पाच-सात वर्षांत ते कडक झालेलं असू शकतं. म्हणून वापरलेली बॉडी ‘वेदरसील्ड’ असली तरी तिला पावसात उघडी नेऊ नका.

व्यवहार

मूळ बिल, बॉक्स आणि बॉडीच्या तळावरचा सिरियल नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. बिल नसेल तर विकणाऱ्याच्या सहीचा, सिरियल नंबर लिहिलेला साधा कागद आणि ओळखपत्राची प्रत घ्या. पैसे समोरासमोर आणि बँकेतून जातील असे द्या. बघायच्या आधी ‘टोकन’ मागणाऱ्याला देऊ नका. चार दिवसांची परत देण्याची मुदत मागायला संकोच कशाला? बॉडी चांगली असेल तर बहुतेक लोक देतात.

खरेदीचा योग्य काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. पुढचे सहा-सात महिने कोरडे असतात, कुरवांच्या निमित्ताने बॉडी रोज राबते आणि दडलेले दोष पावसाच्या आत बाहेर पडतात. जूनमध्ये घेतलेल्या बॉडीत ऑगस्टला बिघाड आला तर ओल आधीची की तुमच्याकडची, हे कुणालाच सांगता येत नाही.

घरी आणल्यावर

नवी असो की वापरलेली, इथून पुढे दोघींना सारखीच वागणूक. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. नुसतं कोरडं फडकं मीठ सगळीकडे पसरवतं. पुळणीवर लेन्स बदलू नका. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

ठेवायला रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या दरम्यान. विजेचं ड्राय कॅबिनेट उत्तम, पण ते असलं तरी डबा तयार ठेवा. जुलैत वीज गेली की लवकर येत नाही. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलंत तर ते ओलावलं कधी हे नजरेला कळतं. मंद आचेवर पसरट भांड्यात तापवलं की ते पुन्हा वापरता येतं, भांडं मात्र त्यासाठी वेगळं ठेवा. आणि पावसाळ्यात कॅमेरा महिनोन्महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, लेन्स उतरवून संपर्क बघा, शे-दोनशे क्लिक मारा, दोन्ही चाकं फिरवा आणि परत डब्यात ठेवा.